वसई–भाईंदर फेरीबोट की मांडव्याची रो-रो: गाडीसह नेहमी पाणी ओलांडणाऱ्यांसाठी

नोकरी मुंबईकडे आणि घर पाण्यापलीकडे थोड्या मोकळ्या जागेत, असा बेत करणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात हल्ली वसई आणि अलिबाग ही दोन नावे हमखास येतात. दोन्हीकडे स्वतःची गाडी बोटीवर चढवून पलीकडे उतरता येते. मुंबईतला भाऊचा धक्का ते अलिबागजवळचे मांडवा ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेचच टाळेबंदीमुळे काही महिने थांबली. वसई ते भाईंदर ही सेवा फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. दोन्हींना लोक सरसकट ‘रो-रो’ (रोल-ऑन रोल-ऑफ, म्हणजे गाडी चालवतच चढवायची आणि उतरवायची बोट) म्हणतात आणि त्यामुळे त्या एकाच जातीच्या सेवा आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांची बांधणी वेगळी आहे आणि त्या वेगळ्या गरजेसाठी आहेत. घर घेण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा, म्हणून हा आढावा.

वसईची बोट ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ येथे चालणाऱ्या बोटींच्या जातीची आहे. कोकणात जुनी माणसे तिला जंगलजेट्टी म्हणतात. सपाट तळ, उघडा डेक, टोकाला खाली पडणारा लोखंडी रॅम्प आणि वरच्या बाजूला सुकाणूची केबिन एवढाच तिचा पसारा असतो. सपाट तळामुळे तिला पाणी कमी लागते आणि ती काँक्रीटच्या उतारावर थेट तोंड टेकवू शकते. भरती असो वा ओहोटी, उताराच्या ज्या टप्प्यावर पाणी असेल तिथे रॅम्प टाकायचा, अशी ही साधी आणि हुशार योजना आहे. सेवा सुरू झाली तेव्हा या बोटीची क्षमता १०० प्रवासी आणि ३३ गाड्या अशी सांगण्यात आली होती.

मांडव्याचे जहाज ग्रीसमध्ये बांधलेले आहे. ५०० प्रवासी, सुमारे १४५ गाड्या आणि १४ नॉट, म्हणजे ताशी जवळपास २६ किलोमीटरचा वेग, अशी त्याची जाहीर झालेली क्षमता आहे. खाली गाड्या आणि वर वातानुकूलित बैठक अशी रचना असल्याने तासाभराच्या प्रवासात माणसाला बसून काम करता येते. मुंबई बंदराचे पाणी ओलांडायचे तर खाडीतील उघडी बोट पुरणार नाही, कारण तिथे लाट आहे, वारा आहे आणि मोठ्या जहाजांची वर्दळ आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान (जोडतळाच्या बोटी) मेअखेरीपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, तेव्हाही हे मोठे जहाज हवामान पाहून चालते. अलिबागकरांसाठी ही सोय किती मोठी आहे, हे पूर्वी पावसाळ्यात अलिबागच्या रस्त्यावर वडखळच्या वाहतूक कोंडीत रात्र काढलेल्या माणसालाच विचारावे.

आता मुख्य मुद्दा वेळेचा. लोक फक्त पाण्यावरचा वेळ मोजतात: वसईला पंधरा मिनिटे, मांडव्याला पाऊण ते एक तास. छोट्या मार्गावर मात्र खरा वेळ काठावर जातो. बोट लागणे, आधीच्या गाड्या उतरणे, नव्या चढणे, त्या ओळीत लावणे, यात पंधरा मिनिटांच्या प्रवासाइतकाच वेळ सहज निघून जातो. मार्गावर एकच बोट असेल आणि ती आपल्या डोळ्यांदेखत सुटली, तर तिला जाऊन परत येईपर्यंत पाऊण तास ते तास धक्क्यावर थांबावे लागते; दोन बोटी असतील तर ही वाट निम्म्यावर येते. म्हणून वसईच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती मिनिटे लागतात’ हा नसून ‘सकाळी किती बोटी चालू असतात’ हा असायला हवा. मांडव्याच्या फेऱ्या मोजक्या, ठरल्या वेळेच्या आणि आगाऊ आरक्षणाच्या आहेत. तिथे वाट पाहणे कमी, पण फेरी चुकली तर पुढची बरीच उशिरा असते आणि शनिवार-रविवारी सहलीच्या गाड्यांमुळे जागा मिळणेही कठीण होते. रोज संध्याकाळी नेमक्या वेळी कार्यालयातून निघू न शकणाऱ्या माणसाने हे गांभीर्याने घ्यावे.

रॅम्पकडे स्वतः जाऊन पाहावे, असा माझा आग्रह आहे. एका खाडीवर ऐन ओहोटीच्या वेळी मी गाडी चढवत होतो. पाणी इतके उतरले होते की उताराचे शेवाळलेले टोक उघडे पडले होते आणि रॅम्पचा उतार व काँक्रीटचा उतार यांच्यामध्ये खोल कोन तयार झाला होता. खलाशी हात वर-खाली करून ‘हळू, हळू’ म्हणत होता. पुढची चाके लोखंडावर चढली आणि बंपरचा खालचा काठ खरवडत गेल्याचा आवाज आला. मागे चाकाला लाकडी पाचर लावलेली, हँडब्रेक ओढलेला आणि पाठीमागे पंधरा गाड्यांची रांग. त्या दिवसापासून बुटक्या गाडीच्या मालकाला मी ओहोटीची वेळ विचारूनच निघायला सांगतो. काही बोटींना रॅम्प एकाच टोकाला असतो आणि गाडी उलटी चढवावी किंवा उतरवावी लागते. सराव नसलेल्या चालकाला पहिल्या आठवड्यात याचा फार ताण येतो.

भरती-ओहोटीचा विचार इथे एका वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा ठरतो. किनाऱ्यावर जुना आडाखा आहे, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, द्वितीयेला दीडच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, हा हिशोब लावला तर पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे उधाणात, सर्वांत खोल ओहोटी सकाळी सात आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास येते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात पाणी सरासरी साडेतीन मीटरहून अधिक आणि मोठ्या उधाणात साडेचार-पाच मीटरपर्यंत वर-खाली होते. म्हणजे ज्या वेळी नोकरदार निघतो आणि परततो, नेमक्या त्याच वेळी महिन्यातून दोनदा खाडी सर्वांत उथळ आणि रॅम्प सर्वांत तिरका असतो. हे कोणत्याही सेवेचे अपयश नव्हे. समुद्राचे घड्याळच तसे आहे. वसईसारख्या चिखलाच्या खाडीत मात्र त्याचा परिणाम जाणवतो.

खर्चाचे गणित दोन्हीकडे अगदी वेगळे आहे. वसईची सेवा सुरू झाली तेव्हा मोटारसायकलला चालकासह ६० रुपये, चारचाकीला चालकासह १८० रुपये आणि प्रौढ प्रवाशाला ३० रुपये असे दर होते. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर त्या दराने दुचाकीला २,६४० आणि चारचाकीला ७,९२० रुपये होतात. महामार्गाने वसईहून भाईंदरला जायचे तर सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडतो. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर, असे धरले तरी एका खेपेला अडीचशे रुपये इंधनाचेच झाले. मात्र हा वळसा धक्क्याजवळच्या, म्हणजे वसई गाव आणि किल्ल्याकडच्या माणसाला पडतो. वसई पूर्वेला महामार्गालगत राहणाऱ्याने आधी उलटे जाऊन किल्ल्याजवळचा धक्का गाठण्यात अर्थ नाही. आणि भाईंदरला पोहोचल्यावर गाडी लागणारच नसेल, तर लोकलला तोड नाही.

मांडव्याला गाडीचे एकवेळचे भाडे हजाराच्या आसपास किंवा वर जाते. रोजची ये-जा केली तर महिन्याला चाळीस हजारांच्या पुढे जाणारा हा खर्च सामान्य पगारदाराला झेपणारा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मोटारीला एकेरी २५० रुपये पथकर भरून उरणजवळच्या चिर्ल्याला उतरता येते आणि पुढे पेण-वडखळमार्गे अलिबाग गाठता येते. हा रस्ता शंभरेक किलोमीटरचा आणि वडखळनंतर बेभरवशाचा आहे, तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी पैशांच्या हिशोबात तोच सरस ठरतो. म्हणून मांडव्याची रो-रो मी रोजच्या ये-जा करणाऱ्याला सुचवणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा कार्यालयात जाणारे, सोबत वृद्ध आई-वडील किंवा लहान मूल असणारे, आणि गाडीत बरेच सामान नेणारे यांच्यासाठी ती उत्तम आहे. एकट्या माणसाने तर गाडी मांडव्यालाच उभी करून प्रवासी म्हणून जावे. मुंबईत बंदराजवळ गाडी ठेवण्याचा प्रश्नही त्यामुळे सुटतो.

दुचाकीवर भाईंदर-मिरा रोड परिसरात कामाला जाणाऱ्या आणि वसई गावात राहू इच्छिणाऱ्या माणसाला मी निःशंकपणे फेरीबोट सुचवेन. दुचाकी शेवटी येऊनही कोपऱ्यात सामावते, पहिली उतरते आणि तिला रॅम्पचा कोन छळत नाही. फक्त ओल्या लोखंडावर ब्रेक जपून लावावा. चारचाकीवाल्याने खाऱ्या पाण्याच्या तुषारांचा विचार करून दर आठवड्याला गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, कारण उघड्या डेकवर हा त्रास बंद जहाजापेक्षा जास्त असतो.

रेवस–करंजा पूल पूर्ण झाला की अलिबागचा रस्ता बराच जवळ येईल आणि भाईंदर–नायगाव पुलाची योजना मार्गी लागली तर वसईचे गणितही बदलेल. घर वीस वर्षांसाठी घेत असाल तर हे पूल हिशोबात धरा. दोन-तीन वर्षांच्या भाड्यासाठी धरू नका. आणि अनामत रक्कम देण्याआधी पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, कामाच्या दिवशी, सकाळी सातला गाडी घेऊन धक्क्यावर जा आणि रांगेत उभे राहिल्यापासून पलीकडच्या रस्त्याला लागेपर्यंतची वेळ घड्याळ लावून मोजा.