डब्यावर आयएफसीसी, बाटलीत पीफाइव्हपीचा पत्ता नाही

एसजीपीटी-एसजीओटीचं, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतली दोन एन्झाइम रक्तात मोजायचं, हे किट आमच्या लॅबमध्ये चार महिने चाललंय, सेमी-ऑटो मशीनवर, रोज तीसेक सॅम्पल. कंपनीचं नाव टाकत नाही, असली किटं ढीगभर आहेत आणि सगळ्यांची गत तीच.

आधी चांगलं सांगतो. दोन्ही रीएजंट, म्हणजे टेस्टची रसायनं, लिक्विड, चार भाग आर-वन आणि एक भाग आर-टू मिसळलं की झालं, पावडर विरघळवत बसायची कटकट नाही. ब्लँकचा, म्हणजे सॅम्पल न घातलेल्या रीएजंटचा, ओडी (प्रकाश किती शोषला तो आकडा) पहिल्या दिवशी १.६, तीन आठवड्यांनी १.३, म्हणजे रीएजंटमधलं एनएडीएच बरं टिकतंय, ते किती वेगानं घटतं त्यावरूनच एन्झाइम मोजतात. एकच सिरम लागोपाठ लावलं तर ४१, ४२, ४०, ४१ असंच येतं. इथवर तक्रार नाही.

पण डब्यावर ठळक छापलंय 'आयएफसीसी मेथड, ३७ डिग्री' (आयएफसीसी म्हणजे लॅब टेस्टच्या प्रमाण पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) आणि इन्सर्टच्या, म्हणजे आतल्या माहितीपत्रकाच्या, मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात 'विदाउट पीफाइव्हपी'. अहो, आयएफसीसीच्या २००२ च्या रेफरन्स पद्धतीत ३७ डिग्री जेवढं महत्त्वाचं तेवढंच पीफाइव्हपी, म्हणजे पायरिडॉक्सल फॉस्फेट, बी-सिक्सचंच रूप. ही दोन्ही एन्झाइम त्याच्याशिवाय काम करत नाहीत, आणि आपण एन्झाइम वजनावर थोडंच मोजतो, मिनिटाला किती काम केलं त्यावर हजेरी लावतो. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल, बस्स, टेम्परेचर कुठलं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कुठला, हे त्या युनिटमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. मग ज्याच्या रक्तात बी-सिक्स कमी त्याचं थोडं एन्झाइम हात बांधून बसलेलं असतं, ते आमच्या किटला दिसतच नाही.

हे मला कळलं कसं, तर एका डायलिसिसच्या पेशंटमुळे. आमचा एसजीओटी १९, दुसऱ्या लॅबचा ३१, तोही त्याच दिवशीच्या रक्ताचा, आणि डॉक्टरांचा फोन, 'तुमचं मशीन एकदा बघून घ्या.' मशीन बघितलं, पिपेट तपासलं, लॅम्प बदलला, रीएजंट फ्रीजमधून काढून थंडच तर लावलं नाही ना म्हणून सगळं पुन्हा केलं, आकडा हलायला तयार नाही. शेवटी दोन्ही इन्सर्ट शेजारी ठेवून वाचली, त्यांच्या किटमध्ये पीफाइव्हपी होतं. कोणीच चुकलं नव्हतं, पेशंट मात्र आठवडाभर घाबरला.

कोणी म्हणेल कॅलिब्रेटर, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावा. लावू की, रेफरन्स पद्धतीशी जोडलेला असला तर पुष्कळ काम होतं, पण हा फरक तो भरून काढत नाही कारण प्रत्येक पेशंटमध्ये झोपलेलं एन्झाइम कमी-जास्त, एका आकड्यानं सगळ्यांना कसं गुणणार? आणि या किटमध्ये तर कॅलिब्रेटर नाहीच, नुसता फॅक्टर, म्हणजे मशीनच्या रीडिंगला गुणायचा ठरीव आकडा. तोही पहिल्या लॉटला १७६८ आणि दुसऱ्याला १७४६. म्हणजे एनएडीएचचा प्रकाश शोषण्याचा गुणांक आधी ६.२२ धरला, मग ६.३. फरक जेमतेम सव्वा टक्का, मान्य, पण न सांगता बदलायचा? मला तो इन्सर्ट वाचायची खोड आहे म्हणून दिसला, नाहीतर जुनाच फॅक्टर मशीनमध्ये पडून राहिला असता.

याच कंपनीचं अल्कलाइन फॉस्फेटेज या आणखी एका एन्झाइमचं किट पण बघितलं, ते डीईए नावाच्या बफरवर. आयएफसीसीची २०११ ची पद्धत एएमपी बफरवर आहे आणि डीईएवर आकडे बरेच चढे येतात, तेव्हा घेणारच असाल तर नॉर्मल रेंज त्याच इन्सर्टमधली छापा, जुन्या रिपोर्टातली कॉपी-पेस्ट करू नका. आमच्याकडे झालंय हे, म्हणून सांगतो.

पाचपैकी अडीच स्टार. सेल्सवाल्याला पीफाइव्हपीचं विचारलं तर सहज म्हणाला, 'ते वेगळं मिळतं ना सर, छोट्या बाटलीत, तुम्ही कधी मागितलंच नाही.' मागवलीय. तोवर एसजीपीटी-एसजीओटीच्या आकड्याखाली 'पीफाइव्हपीशिवाय' असं छापून देतोय.