पाच वाद्यं आणि रोजची 35 मिनिटं: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीत स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी रोजच्या चौकोनात एक अक्षर लिहायला सुरुवात केली. त्या दिवशी जे वाद्य जास्त वाजवलं त्याचं अक्षर: पे, स, त, बा किंवा यु. काहीच वाजवलं नसेल तर चौकोन कोरा. आता नोव्हेंबर संपलाय, आणि हे लिहायला बसले आहे ते त्या अक्षरांवरून.

पेटी, सतार, तबला, बासरी आणि युकुलेली अशी पाच वाद्यं जानेवारीत आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये होती. पेटी बाबांची. तबला मुलाच्या क्लाससाठी घेतलेला, त्याने प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा दिली आणि मग दहावी आली. बासरी आणि युकुलेली लॉकडाऊनमधली. सतार मात्र मी स्वतः मिरजेला जाऊन घेतली, 2022 मध्ये. वीस वर्षांची इच्छा होती ती. प्रत्येक खरेदीआधी मी लोकांचे अनुभव वाचले. लाकूड, नाद, किंमत यावर भरपूर मिळालं. सकाळी पावणेआठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या बाईच्या घरात ते वाद्य कसं राहतं, हे कुठे सापडलं नाही. माझ्या हाताशी जेवण झाल्यावर नऊ ते नऊ पस्तीस एवढा वेळ असतो. पुढे शेजारच्या आजींची झोपायची वेळ, तेव्हा मी वाजवत नाही.

अकरा महिन्यांचे 334 दिवस. त्यातले 219 भरले. पेटी 121, सतार 64, बासरी 23, तबला 7, युकुलेली 4. सतारीचा आकडा मात्र फोडून बघायला हवा: जानेवारी ते मार्च फक्त 5, आणि एप्रिल ते नोव्हेंबर 59. माझी सतारीवरची माया एप्रिलमध्ये अचानक वाढली असं नाही. काय बदललं ते पुढे सांगते.

आधी पेटी. झाकण काढलं, भात्याची खिट्टी सोडली, की दहा सेकंदांत षड्ज, म्हणजे सा. थकून आलेल्या माणसाला हे फार मोठं आहे. बाबांची पेटी साधी आहे, दोन सप्तकांच्या वरचे काही सूर मंद झालेत, एक स्टॉपर ओढला की खरखरतो, तरी ती कधी ‘आज नको’ म्हणत नाही. देखभाल म्हणाल तर भात्याच्या घड्या कोरड्या ब्रशने साफ करणं आणि उंदरांपासून जपणं. पावसाळ्यात कापडात गुंडाळून कपाटात कोंबू नका. आठवड्यातून दोनदा वाजवली तर आत हवा खेळते आणि पट्ट्या अडकत नाहीत. दोन पट्ट्या जुलैत फुगून बसल्या होत्या, ऊन पडल्यावर आपोआप मोकळ्या झाल्या. पट्ट्या तासून घ्यायची घाई केली नाही ते बरं झालं.

पेटीबद्दलची खरी तक्रार गांधाराची, म्हणजे ग या सुराची. ऑल इंडिया रेडिओवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती, आणि तिच्यावरचे आक्षेप ठरलेले होते: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) सांभाळत नाही. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण कानाला कधी पटलं नव्हतं. ते पटवून दिलं सतारीने.

सतार मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडून घेतली. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले भोपळे दुकानाच्या माळ्यावर टांगलेले होते, आणि त्यातलाच एक दाखवून त्यांनी मला सांगितलं की भोपळा जितका वाळेल तितका नाद मोकळा होतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. वाद्य म्हणून तिच्यात मला काही उणं दिसलेलं नाही. तीन वर्षांत दांडी वाकली नाही, जवारी (घोडीवरची नाद खुलवणारी घासणी) अजून खुली आहे, पडद्यांचे दोरे फक्त दोन ठिकाणी ढिले झाले.

तरी पहिल्या तीन महिन्यांत पाचच दिवस. कारण सांगते. सतार कपाटावर, केसमध्ये. स्टूल घ्या, केस उतरवा, ठेवायला जागा करा, मग सात मुख्य तारा आणि तेरा तरफा (त्यांच्या खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) सुरात लावा. माझा हात काही मुरलेला नाही. सगळ्या वीस तारा लागेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात. पस्तीसातली उरली दहा. त्यातही काल भीमपलासी राग वाजवला असेल आणि आज यमनवर मन असेल, तर गांधार, मध्यम, निषादाच्या (ग, म, नी) तरफा पुन्हा बदला. मी मार्चमध्ये एकदा नुसती लावण्यातच वेळ संपवून ती परत केसमध्ये ठेवली होती, आणि त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं.

गुढीपाडव्याला दोन गोष्टी केल्या. सतार केसमधून बाहेर काढून हॉलच्या भिंतीवर, खिडकीपासून लांब, जाड गादी लावलेल्या आकड्यावर टांगली. वरून सुती साडीचा गिलाफ. आणि ठरवलं, दिवाळीपर्यंत फक्त यमन. तरफा एकदा यमनला लावल्या की रोज दोन-तीनच जराशा हलवाव्या लागतात. तारेतल्या मण्याने बारीक सूर जुळवला की पाच मिनिटांत बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेवर बोट. मसीतखानी गत (संथ लयीतली बांधलेली रचना) बाराव्या मात्रेपासून उचलायची, ‘दिर दा दिर दा रा’, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची, एवढंच पंधरा-वीस मिनिटं. सहा-सात महिने एकच राग म्हटल्यावर कंटाळा येईल अशी भीती होती. आला नाही. जूनमध्ये मला पहिल्यांदा निषादावरून षड्जाला न जाता थांबता आलं.

आणि मग ती जुलैतली संध्याकाळ. पावसाने ऑफिस लवकर सुटलं होतं. पेटी भिंतीखाली, सतारीच्या बरोबर खाली ठेवली होती. सतार मी पेटीच्या काळी एकवरच (पहिल्या काळ्या पट्टीचा सूर सा धरून) लावते, म्हणून पेटीतही काळी एकचा सा धरून यमनचीच सरगम वाजवत होते. षड्ज दाबून भाता थांबवला, तर खोलीत सूर अजून चालूच. वर बघितलं. गिलाफाच्या आत तरफा गुणगुणत होत्या. पंचम दाबला, पंचमाने उत्तर दिलं. गांधार दाबला, तर अगदी फिकट काहीतरी. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मला वाटलं तरफ उतरली असेल. फोनवरच्या तानपुऱ्याशी पडताळली, तरफ बिनचूक. पेटीचा गांधार चढा होता. समान स्वरांतराने (सप्तकाचे बारा सारखे भाग करून) जुळवलेल्या पेटीत शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट वर असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. तेवढ्या फरकाने तारेने ओळख द्यायचं नाकारलं. मी कितीतरी वेळ सा, प, ग असं आलटून पालटून दाबत बसले होते. त्यानंतर पेटीवर यमन वाजवताना गांधारावर मी रेंगाळत नाही, आणि गाताना पेटीचा गांधार न धरता तानपुऱ्यातून येणारा धरते.

सतारीच्या देखभालीतल्या दोन-तीन गोष्टी, ज्या आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत शिकले. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसायच्याच, नाहीतर ऑगस्टपर्यंत तरफांवर गंज चढतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, जोर करू नका. हिवाळ्यात त्याच सुटायला लागतात, तेव्हा फळ्यावरचा साधा खडू चोळायचा. डाव्या तर्जनीला चीर पडते, त्यासाठी डबीत खोबरेल तेलाचा कापूस. आणि तारा कुठूनही घेऊ नका. इथल्या एका दुकानात मला ‘सगळीकडे एकच नंबर चालतो’ म्हणून जाड तार दिली. तरफ म्हणून ती ओढताना दोनदा तुटली आणि एकदा गालाला लागली. मिरजेला फोन केला, त्यांनी नंबर विचारला आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई, ती तार काढा आधी. मी पाठवतो.’ पाकीट चार दिवसांत आलं.

तबल्याची गोष्ट वेगळी आहे. मुलाचे गुरुजी गाणाऱ्या मुलींच्या साथीला बसवायचे, म्हणून तबला काळी चारचा, मोठ्या तोंडाचा. माझी सतार काळी एकला. बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तो तिथवर चढवायला गेलं तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटणार. वर पावसाळ्यात पुडी सैल पडते, हातोडी घेऊन ती सगळीकडून सुरात मिळवण्यात वेळ जातो, आणि नऊ वाजता ठोकाठोक शेजाऱ्यांना नको असते. सात दिवस वाजला तो सगळा मे महिन्याच्या सुट्टीत. ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या महिला भजनी मंडळाला देऊन टाकला. त्या काळी चारलाच गातात, दर गुरुवारी बसतात. आता खिडकीतून तो ऐकू येतो तेव्हा तो आमच्याकडे गप्प पडून होता ती दोन वर्षं आठवतात.

तबल्याचा रियाज मात्र सुटला नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभ्याने मी मनात पढंत करते, म्हणजे बोल म्हणते. ‘धा धा तिरकिट धा धा तूं ना’, बोटांवर मात्रा, दुगुन (दुप्पट लय), परत ठाय (मूळ लय). दिवसाची ती वीस मिनिटं कॅलेंडरवर नोंदलेली नाहीत, पण मसीतखानी गतीची सम चुकेनाशी झाली ती त्यामुळे, याबद्दल मला शंका नाही.

बासरी पांढरी तीनची आहे, शिकणाऱ्यांना बहुतेक तीच देतात. उचलून लगेच फुंकता येते, पर्समध्ये मावत नसली तरी गावी न्यायला सोपी. माझे 23 दिवस जवळजवळ सगळे गावचे, पहाटेचे. घरी अडचण अशी की काळी एकच्या सतारीवरून पांढरी तीनवर गेलं की कान पाच-सात मिनिटं भांबावतो. काळी एकची बासरी घ्यावी असं दोनदा मनात आलं. घेतली नाही, आहे तिलाच वेळ नाही. न वाजवता पडली तर बांबू सुकून तडकण्याची भीती असते, म्हणून महिन्यातून एकदा आतून तेलाचा बोळा फिरवते.

युकुलेलीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नायलॉनच्या चार तारा, हलकी, गोड. माझ्या कानातलं संगीत तिच्यात नाही. भाची पुण्याला हॉस्टेलला गेली, तिला दिली. ती रोज वाजवते, व्हिडिओ पाठवते.

जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांना विचारण्यासारखा प्रश्न माझ्या मते एकच: हे वाद्य घरात उघडं कुठे राहील? कपाटावर राहणार असेल तर थांबा. पहिलंच वाद्य असेल आणि वेळ माझ्याइतका असेल तर पेटी घ्या, सोबत फोनवर तानपुरा ठेवा, म्हणजे गांधार कानात नीट राहील. सतार घ्यायची असेल तर मिरजेला स्वतः जा, एक दिवस मोडा, बनवणाऱ्याच्या हातून ती लागताना ऐका. आणि घरात दोन वाद्यं असतील तर दोन्हींचा सा एक असू द्या.

दिवाळी होऊन गेली, तरी यमन सोडवत नव्हता. काल शनिवारी रात्री अखेर तरफा भीमपलासीला लावायला घेतल्या. माझ्या तेरांपैकी पाच बदलायच्या. गांधार, मध्यम, निषाद, तिन्ही अर्धा स्वर खाली, त्यामुळे तार तुटायची भीती नाही. चार लागल्या. पाचवी, तार गांधाराची, खुंटी सारखी सुटत होती आणि खडू सापडेना. नऊ पस्तीस झाले होते. गिलाफ घातला आणि कालच्या चौकोनात ‘स’ लिहिला.