दोन पावसाळे आणि 13,600 किलोमीटर: व्हर्सिस 650 वर मिशेलिन रोड 5

मे 2023 मध्ये मी माझ्या कावासाकी व्हर्सिस 650 या मोटरसायकलचे दोन्ही टायर बदलून मिशेलिन रोड 5 ची जोडी बसवली. हे लिहितो आहे तो महिना जुलै 2024 चा आहे. गाडी या टायरांवर 13,600 किलोमीटर चालली आहे आणि दुसरा पावसाळा चालू आहे. टायर नवा असताना पावसात कसा चालतो हे सगळेच सांगतात, पण अर्धा झिजल्यावर कसा चालतो ते पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, असे मी ठरवले होते.

गाडीसोबत आलेले टायर मध्यभागी चपटे झाले होते. त्यात टायरांचा दोष नव्हता. पुणे–कोल्हापूर महामार्गावर सामान लादून तासन् तास सरळ चालवल्यावर दुसरे काय होणार? मात्र टायर असा ‘चौकोनी’ झाला की घाटात गाडी वळणात झुकायला आधी कुरकुरते आणि मग कडेवरून एकदम पडल्यासारखी झुकते. मागे पत्नी बसलेली असताना हे फार जाणवू लागले, तेव्हा नक्षीची खोली शिल्लक असूनही मी टायर बदलायचे ठरवले.

माप ठरलेले होते: पुढे 120/70 झेडआर 17, मागे 160/60 झेडआर 17. मापाइतकाच महत्त्वाचा असतो त्यापुढचा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, आणि तो फारसे कोणी वाचत नाही. मागच्या टायरवरील 69 म्हणजे 325 किलो. गाडीच सुमारे 218 किलोची. त्यात आम्ही दोघे आणि दोन बाजूंचे भरलेले बॉक्स धरले की एकूण वजन 390 किलोच्या घरात जाते आणि वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर येतो. त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून कमी भारांकाचा टायर घेणे मला पटत नाही.

खरी कसरत टायर मिळवण्याची होती. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ गटातून काढून ‘निर्बंधित’ गटात टाकली, आणि त्यानंतर मोठ्या गाड्यांच्या मापांची चणचण भासू लागली. एका दुकानदाराने चांगल्या सवलतीत दाखवलेल्या टायरच्या बाजूवर 3519 हे आकडे होते, म्हणजे 2019 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल. पावणेचार वर्षे गोदामात पडलेले रबर मला पावसासाठी नको होते. अखेर 2022 च्या उत्तरार्धात बनलेली जोडी दुसरीकडे मिळाली. 35,000 रुपयांच्या आसपास गेले आणि बसवण्याची व बॅलन्सिंगची मजुरी वेगळी.

पहिल्या पावसाळ्यात ताम्हिणीत दोनदा गेलो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पूर्वीपेक्षा उशिरा जागे होत होते, आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून जाताना मागचे चाक सरकण्याची जी सवय झाली होती ती बरीच कमी झाली. यंदा त्याच घाटात, 13,000 किलोमीटर झालेल्या टायरवर, मी मुद्दाम बेताने चालवले. फरक पडला आहे, पण माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. त्याचे कारण नक्षीच्या रचनेत असावे: या टायरच्या बारीक खाचा वर अरुंद आणि आत रुंद आहेत, त्यामुळे रबर झिजत जाते तशी पाण्याला वाट मोकळी होत जाते. पाच हजारांहून अधिक किलोमीटर झालेला रोड 5 ओल्यात त्याच्या आधीच्या पिढीतल्या नव्या पायलट रोड 4 इतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा आहे. तो तपासण्याचे साधन माझ्याकडे नाही. पण झिजलेल्या टायरवर घाट उतरताना खांदे आवळले गेले नाहीत, एवढे सांगू शकतो.

कोकणात मात्र जांभ्याची लाल माती वाहून वळणावर पसरलेली असते, तिथे रस्त्यासाठी बनवलेला कोणताही टायर सारखाच लाचार. अशा वेळी मी गाडी सरळ उभी ठेवून दुसऱ्या गिअरवर सावकाश काढतो.

हवेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण टायरचे आयुष्य ब्रँडपेक्षा तिथे अधिक ठरते. पेट्रोल पंपावरच्या दोन यंत्रांत मला चार पौंडांचा फरक आढळला, म्हणून स्वतःचा गेज घेतला. दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा मोजतो आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळवतो. चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो आणि त्यावरून हवा काढणे ही हमखास होणारी चूक आहे.

9,000 किलोमीटरच्या सुमारास मागच्या टायरमध्ये खिळा घुसला. ट्यूबलेस असल्याने हवा सावकाश उतरली, भोकात पंक्चरची दोरी भरून घरी पोहोचलो आणि मग आतून पॅच लावून घेतला. तो अजून टिकून आहे.

मागच्या टायरच्या मध्यभागी आता नक्षीची अडीच मिलिमीटर खोली उरली आहे आणि मध्य किंचित चपटा होऊ लागला आहे, पण जुन्या टायरइतका नाही. गणपतीला चिपळूणला जाण्यापूर्वी तो बदलणार; दुकानदाराला चालू वर्षाचा माल असेल तरच फोन करा, असे सांगून ठेवले आहे. पुढचा टायर निदान दिवाळीपर्यंत तरी काढायची गरज दिसत नाही.