आक्काचा सातबारा आणि नाचणीचे पापड: गावाकडच्या सल्ला केंद्राचा नऊ महिन्यांचा अनुभव

संक्रांतीनंतरच्या शनिवारी पहिल्यांदा गेलो होतो, आता दिवाळी तोंडावर आलीय. एवढ्या दिवसांत कुठल्याही जागेचं बरं-वाईट दोन्ही कळतं, म्हणून लिहायला घेतलं. केंद्राचं आणि गावाचं नाव देत नाही. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेचा भातपट्टा, तालुक्याचं लहान गाव. नाव सांगितलं तर लोक विचारत विचारत आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, दारात पोचतील.

मी धायरीत राहतो. स्वारगेटहून एसटीनं जायचं, स्टँडच्या मागे दोन खोल्या. एकीत कायद्याचा सल्ला, दुसरीत बचत गट आणि रोजगाराचं काम. ताई रोज असतात, वकील मॅडम फक्त शनिवारी. फी नाही, झेरॉक्सचे पैसे आपले.

आमचं प्रकरण असं. दाजी तीन वर्षांपूर्वी गेले. वारस नोंद करायला गेलो तेव्हा कळलं की सातबाऱ्यावर दाजींचं नाव कधी लागलंच नव्हतं. त्यांचे वडील वारले तेव्हा थोरल्या भावाचं नाव चढलं आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर काही मालक नसतो. पण तीस वर्षं उताऱ्यावर एकच नाव बघितलं की सगळ्यांना तो मालकच वाटायला लागतो, त्याला स्वतःला धरून. आक्काच्या दिरांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटत होतं की जमीन आपली आणि भावजयीला भाताची पोती देतो ते आपले उपकार.

मॅडमनी उतारा बघितला, फेरफार (उताऱ्यावरचं नाव कधी, कसं बदललं त्याची नोंद) नंबराभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणाल्या, “दादा, आधी याचा उतारा काढून आणा. बाकीचं मग.” दोन हेलपाटे झाले, पण फेरफार मिळाला. फिकट शाई, मोडक्या अक्षरात सगळ्या वारसांची नावं: आई, दोन भाऊ, दोन बहिणी. मी खूश. मॅडम मात्र आक्काकडे वळून म्हणाल्या, “तुमच्याबरोबर नणंदांचीही नावं लागणार. चालणार असेल तर अर्ज करू.” आक्का गप्प. मग म्हणाली, “त्यांचंच आहे ते, लागू दे.” आपल्या पक्षकाराला न आवडणारी गोष्ट पहिल्याच भेटीत सांगणारा वकील मी तरी पहिल्यांदा बघितला. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच बजावली: सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे वाटप नव्हे. वाटप सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांसमोर, नाहीतर दिवाणी कोर्टात.

आता दुसऱ्या खोलीबद्दल. सुरुवातीला मला तो फापटपसारा वाटला. आम्ही आलो जमिनीसाठी आणि या बाई विचारतायत, “आक्का, पापड येतात का हो लाटायला?” येतात म्हणजे काय, तिचे नाचणीचे पापड आमच्या घरात वर्षभर पुरवून खातात. मार्च-एप्रिलच्या वाळवणात गटातल्या बायकांनी पापड केले, जोडीला इंद्रायणी तांदूळ निवडून अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या. केंद्रानं अन्नसुरक्षेची नोंदणी करून दिली (लहान उत्पादकाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे) आणि चौदा आकडी नंबर लेबलवर छापून घेतला. विक्री मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लावली. आक्काच्या वाट्याला ६,८०० रुपये आले. चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले तिनं.

हे सगळं का सांगतोय, तर एप्रिलअखेर दीर स्टॅम्पपेपर घेऊन आले. हक्कसोड, म्हणजे जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचा कागद. “सही कर, वर्षाला चार पोती भात घरपोच.” आदल्या वर्षी आले असते तर तिनं सही केली असती, कारण ती चार पोती बंद झाली तर खायचं काय, हाच प्रश्न होता. या वेळी म्हणाली, “भाऊजी, कागद राहू द्या इथं, वाचून बघते.” बारावीतल्या भाचीनं लगेच फोटो काढून मला पाठवला. मॅडमनी सांगितलं की नुसत्या स्टॅम्पवरच्या सहीनं हक्क जात नाही, दस्त नोंदवावा लागतो. पण एकदा नोंदवला की मागे फिरणं फार अवघड. निकालाची वाट बघायलासुद्धा घरात दाणे लागतात. या दोन खोल्या एका छताखाली का आहेत, ते मला त्या डब्यामुळे कळलं.

मे महिन्यात अर्ज दिला, नोटिसा निघाल्या. हरकतीला पंधरा दिवस असतात, दिरांनी चौदाव्या दिवशी हरकत घेतली. मग नोंद तक्रारी नोंदवहीत, म्हणजे हरकत आलेल्या नोंदींच्या वहीत, गेली आणि सुनावण्या सुरू. पहिल्या तारखेला कचेरीत सांगितलं, तुमचा अर्जच दिसत नाही. आमच्याकडे शिक्क्याची पोच होती. ती दाखवल्यावर दहा मिनिटांत सापडला. ताईंचं पालुपद आहे, “पोच घेतली का?” चहा पिऊन आलो तरी विचारतील असं वाटायचं. आता मी सोसायटीच्या ऑफिसातही पोच मागतो.

आता तक्रारी. एक सुनावणी १२ तारखेची होती, केंद्रातल्या पोरानं वहीत २१ लिहिली. मी रजा टाकून २१ला गेलो आणि तारीख पुढे गेल्याचं ऐकून परत आलो. ताईंनी माफी मागितली, पण रजा गेली ती गेलीच. शनिवारी मॅडमकडे तीस-तीस माणसं, तीन तास बसायची तयारी ठेवा. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, स्टँडवरच्यात जावं लागतं. मालाच्या बाबतीत शिकवण्याचा उत्साह मोठा आणि पुढचा पाठपुरावा कमी. जुलैत पिशव्यांचं सीलिंग नीट झालं नव्हतं, पापड सादळले. तांदळात पोरकिडे निघाले म्हणून आमच्या सोसायटीतल्या दोन काकूंनी पैसे परत घेतले, ते माझ्या खिशातून. आणि इतकं झालं नाही तोवर ‘डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेत स्टॉल लावू’ अशी बोलणी चालू! आधी सीलिंग मशीनवर कोण बसणार ते ठरवा की.

एक गंमत अशी की पहिल्या खोलीत आक्काला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला सांगितलं. महिना १,५०० रुपये, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. दुसऱ्या खोलीत सांगतात, गटातून महिन्याला तीन हजार कमवा. गुणाकार करा म्हटलं. ताई हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, “खोटा दाखला आम्ही काढायला सांगत नाही. दोन्हीतलं एक निवडा.” आक्कानं पापड निवडले. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पापड पावसाळ्यात बंद असतात, पेन्शन बंद नसते.

या महिन्यात निकाल आला: ए.कु.मॅ. शेरा काढून सगळ्या वारसांची नावं लावायची. दिरांना प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला साठ दिवस आहेत आणि ते करणार असं गावात कानावर येतंय. पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईमाणसाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. तो अर्ज ताईंनी आत्ताच भरून ठेवलाय, फक्त तारीख कोरी.

जाणार असाल तर शनिवारी नऊच्या आत पोचा, चिठ्ठ्या तेव्हाच वाटतात. सातबारा, आठ अ (खातेउतारा), मृत्यू दाखला, जुने फेरफार, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद कोणाकडेही ठेवून येऊ नका, केंद्रातसुद्धा. आणि सुनावणीची तारीख स्वतःच्या वहीत स्वतः लिहा.