हिवाळ्यातील हस्तकलेसाठी पाने वेचावीत की शेंगा-बिया?

हिवाळ्यात मुलांना घरात हस्तकलेला बसवायचे असेल, तर पाने गोळा करावीत की शेंगा-बिया, हे मुलाच्या वयावर आणि मोठ्यांच्या सवडीवर ठरवावे. दोन्ही वस्तू महाराष्ट्रात या दिवसांत सहज मिळतात. देशी बदामाची पाने लाल होऊन गळतात, सागाखाली वाळलेल्या पानांचा खच पडतो आणि शिरीषाच्या फिकट पिवळ्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागतात.

पानांना खर्च नाही, पण धीर लागतो. ती वर्तमानपत्रात घालून वर जड पुस्तके ठेवावी लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस कागद बदलला नाही, तर बुरशी धरते. बदामाचे पान जाड असल्याने सुकायला वेळ घेते, कोकणच्या दमट हवेत तर अधिकच. शिवाय त्याचा लाल रंग पुढे तपकिरी होतो, हे मुलाला आधीच सांगितलेले बरे. पिंपळपानाची जाळी देखणी होते. मात्र त्यासाठी पान काही आठवडे पाण्यात कुजवून मऊ ब्रशने गर काढावा लागतो. त्या पाण्याला वास येतो, म्हणून भांडे गॅलरीतच ठेवावे.

शेंगांना एवढी तयारी लागत नाही. शिरीषाची शेंग रंगवली की खुळखुळा तयार होतो, आणि गुलमोहराची लांब, लाकडासारखी टणक शेंग लहान हातांनाही रंगवायला ऐसपैस पडते. ती वक्र असल्याने पुठ्ठ्यावर नुसत्या गोंदाने नीट बसत नाही. खाली शाडूचा थर द्यावा. बारीक भोके पडलेल्या शेंगांत कीड असू शकते, त्या तिथेच टाकाव्यात.

खरी सावधगिरी बियांबाबत हवी. काळ्या ठिपक्याची लाल गुंज अत्यंत विषारी असते. टणक सालीमुळे विष आत कोंडलेले राहते, पण बी चावली किंवा माळेसाठी तिला भोक पाडले, की ते संरक्षणच जाते. एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेराच्या बिट्ट्याही तितक्याच वर्ज्य मानाव्यात. पूर्वी मुले बिट्ट्यांनी खेळत, हा त्यांच्या निर्धोकपणाचा पुरावा नव्हे. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया अख्ख्याच चिकटवाव्यात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना घातक असते.

घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर बी घशात अडकण्याच्या भीतीने पानेच निवडावीत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मी शेंगांकडे झुकेन, कारण काम त्याच दिवशी पुरे होते. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. रस्त्याकडेची झाडे पुरेशी आहेत. डोंगराकडे जाणारच असाल, तर सोनेरी-तपकिरी मखमली शेंगांचा वेल आधी ओळखून ठेवावा: ती खाजकुइली असते.