वर्षातून एकदा धावणारं इंजिन: आतली बॅटरी सांभाळावी की कपॅसिटर बसवावा?

आमच्या न्यू जर्सीच्या घरी ओ गेज मापाची खेळण्यातली आगगाडी दिवाळीला तळघरातून वर येते आणि नाताळ उरकला की परत खोक्यात जाते. उरलेले नऊ-दहा महिने इंजिन अंधारात पडून. तुमचंही असंच असेल आणि इंजिन एमटीएच कंपनीचं, प्रोटो-साउंड 2 ही आवाज आणि नियंत्रणाची यंत्रणा असलेलं असेल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी आहे. पुढच्या प्रोटो-साउंड 3 मध्ये बॅटरीऐवजी कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) मुळातच असतो, तिथे चिंता नाही.

इंजिनातली ही बॅटरी चाकं फिरवत नाही, ते काम रुळांतल्या विजेचं. पण साध्या ट्रान्सफॉर्मरवर दिशा बदलायची तर वीज क्षणभर तोडावी लागते. तेवढ्यात इंजिनाचा आवाज तुटू न देणं हे बॅटरीचं एक काम. दुसरं जास्त महत्त्वाचं: वीज बंद केल्यावर बोर्डाला (आतल्या सर्किटला) सेटिंग साठवायला लागणारा वेळ तीच पुरवते. इंजिन उभं असताना वीज तोडून बघा. आवाज काही सेकंद चालू राहायला हवा. लगेच चिडीचूप झालं, तर बॅटरी उतरलीय किंवा संपलीय.

बॅटरीच ठेवायची तर बोर्ड आधी ओळखा. जुन्या 5 व्होल्टच्या बोर्डाला 8.4 व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, नंतरच्या 3 व्होल्टच्या बोर्डाला 2.4 व्होल्टची. चौकोनी आकारात सहा सेलची 7.2 व्होल्टचीही मिळते, ती घेऊ नका; 8.4 म्हणजे सात सेल. साधी अल्कलाइन तर मुळीच नको, कारण इंजिन तिलाही चार्ज करायला जातं आणि ती पाझरते. इंजिनातली बॅटरी निकेलची असते आणि ती नुसती पडून राहिली तरी उतरत जाते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, आपण घरात असताना, इंजिन चालू रुळावर काही तास उभं ठेवायचं किंवा चार्जिंग जॅकला जोडायचं. मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. भार नसताना थकलेली बॅटरीही बरा आकडा दाखवते.

माझ्याकडून हे झालं नाही. एका जुन्या इंजिनाचं टेंडर (मागचा कोळशाचा डबा, बॅटरी त्यातच होती) मी सहा वर्षांनी उघडलं, तर कनेक्टरवर पांढरट-हिरवा पापुद्रा. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावून तो निघाला, पण तार सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं. बोर्ड वाचला, याचं मला आजही हायसं वाटतं.

कपॅसिटर, म्हणजे या छंदातली मंडळी ज्याला बीसीआर म्हणतात तो, बॅटरीपेक्षा महाग पडतो. पण महिनोन्महिने रिकामा राहिला तरी त्याचं बिघडत नाही आणि मिनिटभरात भरतो. तोही बोर्डाप्रमाणेच घ्यायचा. अडचण त्या मिनिटाचीच: वीज दिल्यावर तेवढं थांबायचं, लगेच बंद-चालू करायचं नाही. वीज तोडल्यावरचा आवाजही बॅटरीइतका टिकत नाही.

दर आठवड्याला गाडी चालवत असाल तर बॅटरीच ठेवा. धावता धावता ती चार्ज होत राहते, उगाच खर्च कशाला? सणापुरती काढत असाल, किंवा फळीवर दहा-बारा इंजिनं असतील, तर माझं मत ठामपणे कपॅसिटरला. मी तोच बसवला. लेक आता मोठ्याने साठपर्यंत मोजते आणि मगच ट्रान्सफॉर्मरचं हँडल ओढते.

काढलेली बॅटरी मात्र घरच्या कचऱ्यात टाकू नका. निकेल-कॅडमियममधलं कॅडमियम विषारी असतं. टोकांना चिकटपट्टी लावून ती बॅटरी-रिसायकलिंगच्या डब्यातच द्या.