मानव विकासाला प्रवेश घेताय? आधी कॉलेजची बालवाडी बघून या

मानव विकास शिकवणाऱ्या चार-पाच कॉलेजांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवली तर फरक शोधावा लागतो. पियाजे, व्हिगोत्स्की, एरिक्सन हे विकासाचे सिद्धांतकार सगळीकडे आहेत. गर्भावस्था ते बाल्य, मग कुमारवय, मग प्रौढत्व आणि म्हातारपण, जोडीला विवाह आणि कुटुंबाचा पेपर, शेवटी संशोधन प्रकल्प, हा क्रमही जवळपास सारखाच. खरा फरक पडतो तो कॉलेजच्या स्वतःच्या बालवाडीत आणि तिथे विद्यार्थ्यांकडून काय करून घेतात यात. या परीक्षणात त्यालाच सगळ्यात जास्त गुण आहेत. इमारत, नॅकची श्रेणी, वार्षिक फॅशन शो यांना आम्ही गुण दिलेले नाहीत.

आधी पाट्यांचा घोळ निस्तरू. हा विषय गृहविज्ञान शाखेतून वाढला, म्हणून बहुतेक ठिकाणी तो गृहविज्ञान महाविद्यालयातच सापडतो. मुंबईत न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन (१९६२ पासूनचं), जुहूला एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय, पुण्यात कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय हे ठळक पर्याय. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात हाच विषय 'मानव विकास व कौटुंबिक अभ्यास' म्हणून आहे. मात्र तिथली पदवी आता सामुदायिक विज्ञानाची आणि चार वर्षांची, कारण कृषी पदव्यांचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीनंतर कृषी विद्यापीठांमधलं गृहविज्ञान हे नावच बदललं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिचं नाव आज फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस आहे आणि विभाग ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज. दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजमध्ये 'फॅमिली स्टडीज'च्या जागी 'चाइल्डहूड स्टडीज' आहे. मानसशास्त्राची एमए किंवा बालशिक्षणाची पदविका या वेगळ्या वाटा आहेत. त्यांची तुलना इथे करत नाही.

बालवाडीच्या बाबतीत बडोदा आणि दिल्ली जुने जाणते. बडोद्याच्या विभागाची चेतन बालवाडी आणि लेडी आयर्विनचं राजकुमारी अमृत कौर बाल अध्ययन केंद्र ही शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीच उभी राहिलेली ठिकाणं. 'आमचा जवळच्या प्ले ग्रुपशी करार आहे' असं जेव्हा एखादं कॉलेज सांगतं, तेव्हा समजून घ्या की विद्यार्थी तिथे पाहुणे असणार. बाईंनी कोपऱ्यात बसायला सांगितलं तर कोपऱ्यात, स्नेहसंमेलनाची पताका कापायला सांगितली तर तेही. स्वतःची बालवाडी असली की मुलाचं निरीक्षण महिनोन् महिने करता येतं, पालकांची संमती प्रवेशाच्या वेळीच घेतलेली असते आणि प्राध्यापिका त्याच मुलांना ओळखत असतात. त्यामुळे नोंदवहीतली थाप लगेच कळते.

ही नोंदवही बघायला मिळाली तर जरूर बघा. विभागाला भेट द्याल तेव्हा गेल्या वर्षीची तपासलेली एखादी वही दाखवा म्हणा. 'मूल अ चिडलं आणि त्यानं ब ला त्रास दिला' अशी वाक्यं असतील आणि त्यावर नुसती बरोबरची खूण असेल, तर शिकवणं ढिलं आहे. चांगल्या वहीत असं दिसतं: '१०.१२. अ च्या हातातला निळा ठोकळा ब नं ओढला. अ नं मुठी आवळल्या, बाईंकडे बघितलं, मग ब च्या मनोऱ्याला पायानं ढकललं.' चिडणं हा अर्थ समासात, वेगळ्या रकान्यात. नाव नाही, फक्त अक्षर. वय वर्षांत नाही, महिन्यांत. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, मराठीत असेल तर मराठीतच. ही शेवटची गोष्ट इंग्रजी माध्यमाच्या विभागांत हमखास सुटते. 'मला नाय यायचं' याचं गुळगुळीत इंग्रजी वाक्य करून लिहिलं की मुलाची भाषा किती विकसित झाली आहे हे तपासायला काही उरतच नाही.

कालखंड नमुना पद्धत शिकवतात का, हेही विचारा. पंधरा सेकंद बघायचं, पंधरा सेकंद लिहायचं, म्हणजे पाच मिनिटांत दहा नोंदी. दोन विद्यार्थिनी एकाच मुलाकडे एकाच वेळी बघतात आणि नंतर नोंदी ताडून पाहतात. दहापैकी आठ जुळल्या तर ८० टक्के, हे चालतं. सहा जुळल्या तर मुलाचा दोष नसतो, व्याख्यांचा असतो. संशोधक मिल्ड्रेड पार्टननं १९३२ मध्ये मांडलेले खेळाचे प्रकार घेतले की 'एकट्यानं खेळणं' आणि 'शेजारी-शेजारी खेळणं' यांच्यात कायम गल्लत होते. किती अंतरावर बसलं म्हणजे शेजारी, खेळणी सारखी असायला हवीत का, हे आधी कागदावर ठरवलं नाही तर जुळणी खालीच येणार. जिथे हे ताडून पाहणं होतच नाही, तिथल्या एमएस्सी प्रबंधांमधल्या आकड्यांवर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही.

दुसरी परीक्षा विकासमापनाची. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या अभ्यासातून आलेली डीएएसआयआय ही मापनश्रेणी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी आहे: ६७ हालचालींच्या आणि १६३ मानसिक विकासाच्या बाबी. या चाचणीच्या साहित्याची पेटी कपाटात आहे की विद्यार्थिनींच्या हातात, एवढंच विचारलं तरी पुरतं. पेटीतले ठोकळे हरवले म्हणून दुकानातले जरा मोठे ठोकळे ठेवले असतील तर मापन बिघडतं, कारण पकड आणि मनोरा या बाबी ठोकळ्याच्या आकारावर अवलंबून आहेत. प्राथमिक चाळणीसाठी सतरा बाबींचा त्रिवेंद्रम तक्ता पुरतो. बाळाच्या वयावर पट्टी उभी धरायची आणि जिची रेघ पट्टीच्या पूर्ण डावीकडे पडते, म्हणजे जी या वयापर्यंत यायला हवी होती, पण बाळाला जमलेली नाही, अशी बाब आहे का ते बघायचं.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय न दुरुस्त करणं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ चाळीसच्या हिशेबानं आठ आठवडे लवकर आलेलं असतं. आज ते सहा महिन्यांचं असलं तरी मोजायचं चार महिन्यांचं. त्याचं विकासवय, म्हणजे मापनात दिसलेलं वय, चार महिने आलं तर विकासांक, म्हणजे विकासवय भागिले वय गुणिले शंभर, १०० येतो. दुरुस्ती विसरलात तर तोच ६७ येतो, सत्तरच्या खाली, आणि धडधाकट बाळाच्या आईला 'विलंब आहे' असं सांगून मोकळे होता. ही दुरुस्ती साधारण दोन वर्षांपर्यंत करतात. एमएस्सीच्या मुलाखतीला आलेल्या पदवीधराला हे एवढं विचारलं की कॉलेजचा अंदाज येतो.

आता कुटुंबाची बाजू. हिच्याबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही, आणि हे कुठल्या एका कॉलेजपुरतं नाही. बऱ्याच अभ्यासक्रमांत हा भाग विभक्त कुटुंब, संयुक्त कुटुंब, कुटुंबाचं जीवनचक्र, विवाहातलं समायोजन अशा व्याख्यांतच अडकतो. प्रात्यक्षिक नावाला. निदान तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढून त्यात तुटलेली नाती, स्थलांतर, आजारपण खुणांनी दाखवणं, एक तरी मुलाखत शब्दशः उतरवून काढणं आणि कौटुंबिक न्यायालयाला किंवा समुपदेशन केंद्राला भेट देणं, एवढं असायला हवं. शेवटचा निकष कायद्याचा. क्षेत्रकार्यात एखाद्या मुलानं लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. कुणाला सांगायचं, त्या मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न का विचारायचे नाहीत, १०९८ या बालमदत क्रमांकाला कधी फोन करायचा, हे विद्यार्थिनी क्षेत्रात जाण्याआधी शिकवतात का ते स्पष्ट विचारा. 'ते तिसऱ्या सत्रात येतं' हे उत्तर चालणार नाही, क्षेत्रकार्य दुसऱ्याच सत्रात सुरू होत असेल तर.

त्यावरून आठवलं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं (क्रेडिटचं) कार्यप्रशिक्षण आहे. एक श्रेयांक म्हणजे तीस तास, म्हणून १२० तास, रोज चार तास धरले तर तीस दिवस. ऐकायला भरपूर वाटतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवलं तर बालवाड्या बंद असतात आणि विद्यार्थिनी संस्थेच्या कार्यालयात माहिती संगणकात भरत बसतात. तारखा विचारून घ्या. परभणीसारख्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षी गावात राहून करायचं काम ठरलेलं असतं. अंगणवाडी आणि घरभेटी जवळून बघायच्या असतील तर ही मोठी जमेची बाजू आहे. शहरी विशेष शाळा आणि बालरुग्णालयं बघायची असतील तर मात्र मुंबई किंवा पुणेच.

शैक्षणिक साहित्य बनवण्याबद्दल एक तक्रार करतोच. थर्माकोल, चकाकता कागद आणि गरम गोंद वापरून रात्रभर जागून केलेलं साहित्य प्रदर्शनात छान दिसतं, मुलाच्या हातात दुसऱ्या दिवशी तुटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला चिंचोके, शिंपले, पानं, माती यांवर बालवाडी चालवली. मूल ते हाताळू शकत होतं आणि हरवलं तर कुणी ओरडत नव्हतं. जे कॉलेज साहित्याला मुलांनी ते किती वेळ आणि कसं वापरलं यावर गुण देतं, दिसण्यावर नाही, त्याला आमच्याकडून एक तारा जास्त.

नोकरीबद्दल कॉलेजं जे सांगतात ते सगळंच खरं धरू नका. पदवीवर एकात्मिक बालविकास सेवेतल्या पर्यवेक्षिका पदासाठी अर्ज करता येतो, कारण गृहविज्ञान आणि बालविकास या पदव्या तिथे ग्राह्य धरल्या जातात. खासगी पूर्वप्राथमिक शाळा, संस्था, पालकशिक्षणाचे उपक्रम हेही आहेत. पण 'समुपदेशक व्हाल' हे ऐकलं की थांबा. विशेष शिक्षक किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती मानव विकासाच्या एमएस्सीवर मिळत नाही. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांसाठी प्रामुख्यानं समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. कुटुंब हा विषय दोन वर्षं शिकूनही ते दार बंद राहतं, हे आधीच कळलेलं बरं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेचा पेपर गृहविज्ञानाचा आहे. त्यात अन्नविज्ञान, वस्त्रशास्त्र, गृहसजावट सगळं येतं. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या त्या वह्या रद्दीत घालू नका.

घरबसल्या शिकायचं असेल तर इग्नूची प्रारंभिक बाल्य संगोपन व शिक्षण पदविका आहे: बारावीनंतर, किमान एक वर्षाची, ३२ श्रेयांकांची. वाचनसामग्री आमच्या मते अनेक कॉलेजांच्या टिपणांपेक्षा सरस आहे. अडचण प्रकल्पाची. जवळची बालवाडी तुम्हालाच शोधावी लागते, तिथल्या बाईंची परवानगी तुम्हालाच मिळवावी लागते आणि तुमच्या निरीक्षणावर शेजारी बसून 'हे अर्थ लावणं झालं, बघितलेलं लिही' असं सांगणारं कुणी नसतं. आधीच बालवाडीत काम करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. बारावी करून थेट आलेल्या मुलीनं आवारात बालवाडी असलेल्या कॉलेजात तीन वर्षं काढलेली बरी, रोजचा लोकलचा प्रवास पडला तरी.